सोयरिकीच्या वाटेने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांतल्या वंजारी, बंजारा, बौद्ध, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांतील मुलामुलींना एकत्र आणून बालविवाहाविरुद्ध गट उभा करण्याचे काम तू पत्करले आहेस. एवढ्या वेगवेगळ्या चालीरीतींत वाढलेल्यांना स्त्रियांचे हक्क एकाच वेळी कसे पटवून द्यायचे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते पटवून देण्याचे काम तुला वाटते त्याहून थोडे आहे. कोणाच्या सोयरिकी कोणत्या गावांशी होतात, हे शोधण्याचे काम पुष्कळ मोठे आहे.

सेनेगलचे उदाहरण पाहा. तिथल्या मालिकुंडा बांबारा गावच्या स्त्रियांनी, तोस्तान या संस्थेच्या वर्गांत आरोग्यावर आणि मानवी हक्कांवर चर्चा केल्यानंतर, मुलींच्या खतन्याची, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याची, प्रथा सोडत असल्याचे 31 जुलै 1997 रोजी जाहीर केले आणि आसपासच्या गावांचा रोष ओढवून घेतला. केर सिंबारा गावचे इमाम देंबा दियावारा यांनी या रोषाचे मूळ ओळखले. ज्या गावांशी आपला रोटीबेटी व्यवहार आहे ती गावे प्रथा पाळत राहिली, तर ती एकट्याने सोडणाऱ्या गावाच्या मुलींची लग्ने जुळणार कशी? म्हणून ते पायी नातलगांच्या गावोगावी गेले, त्यांनी लोकांचे ऐकून घेतले, आणि फेब्रुवारी 1998 मध्ये दियाबुगू येथे 13 गावांनी मिळून घोषणा केली. बंदीचा कायदा आला तो त्यानंतर, 1999 मध्ये. (हे इमाम तरुण नव्हते, हे ध्यानात ठेव, युवक गटांना वडीलधाऱ्यांना वगळण्याची घाई फार असते.)

पाय लहान राहावेत म्हणून मुलींचे पाय घट्ट बांधण्याच्या प्रथेविरुद्ध चीनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या मंडळांचे सभासद आपल्या मुलीचे पाय न बांधण्याची प्रतिज्ञा तर करतच, शिवाय पाय बांधलेली सून घरात न आणण्याचीही करत. जेरी मॅकी या अभ्यासकाने 1996 मध्ये, म्हणजे मालिकुंडाच्या घोषणेपूर्वीच, पाय बांधणे आणि खतना या दोन प्रथांमधील साम्य मांडले होते. मला ती दुसरी प्रतिज्ञा अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे मुलग्यांची बाजूही बांधली जाते. तुझ्या गटातील मुलगे बहिणीच्या लग्नाबद्दल तावातावाने बोलतील. स्वतःसाठी सोळा वर्षांची मुलगी पाहायला जाणार नाही, असे घरी सांगण्याची तयारी किती जणांची आहे, ते आधी विचार.

बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा आहे, तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. तुझ्या भागात याची कारणे कामाच्या रचनेतच आहेत. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच हिशेबाने मिळते, म्हणून लग्न लवकर उरकण्याकडे कल असतो. आईबाप हंगामभर कारखान्यांच्या परिसरात राहायला गेले की मागे राहिलेल्या वयात आलेल्या मुलीची काळजी त्यांना पोखरते. ही काळजी खोटी नाही. तिला उत्तर म्हणून चालू असलेले हंगामी वसतिगृह किंवा विश्वासाचे घर तुझ्या गटाला दाखवता आले नाही, तर कायद्याचे कलम ऐकून कोणी लग्न पुढे ढकलणार नाही.

आता समाजासमाजांतील अंतराविषयी. मिश्र गटात पहिल्याच बैठकीला दुसऱ्याच्या घरातील दोष मोजणे सुरू होते आणि मुस्लिम मुलांना हमखास साऱ्या समाजाच्या वतीने जाब द्यावा लागतो. हे पहिल्याच दिवशी थांबव आणि प्रत्येकाने आपल्याच घरातील रीत सांगायची, असा नियम घाल. 18 एप्रिल 1966 रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी मुंबईत तोंडी तलाकविरोधी मोर्चा नेला, तेव्हा त्यात सातच स्त्रिया होत्या, पण त्या मुस्लिम स्त्रिया होत्या. बाहेरच्यांनी बोलण्याची संधी त्यांच्या हातून काढून घेऊ नये, एवढे पथ्य तुझ्या गटाने पाळले तरी पुष्कळ झाले.

तारीख ठरलेल्या लग्नाची बातमी आली तर मात्र चर्चा करत बसू नकोस; मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर कळव, ग्रामसेवकाला गाठ, आणि बातमी देणाऱ्या मुलीचे नाव गटातही कोणाला कळू देऊ नकोस.

हंगाम सुरू होऊन टोळ्या निघण्याआधी प्रत्येक मुलाकडून आणि मुलीकडून एक कागद भरून घे: घरात सुना कोणत्या गावांतून आल्या, लेकी कोणत्या गावांत दिल्या आणि त्या सोयरिकी कोणाच्या मध्यस्थीने जुळल्या. जी गावे आणि जे मध्यस्थ वारंवार येतील, तिथे आधी जा, आणि जाताना गटातील एखाद्याचा मामा किंवा आजोबा बरोबर ने.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता