एचआयव्हीवाल्या पेशंटची दाढ जिथं काढली, तिथं आईला न्यावं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आईची दाढ दोन महिन्यांपासून ठणकते, पण तालुक्याच्या दवाखान्यात 'तसल्या' पेशंटची दाढ काढली असं गावात कुणी सांगितलं, आणि आता आई तिथली पायरी चढायला तयार नाही. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दाताच्या दवाखान्यात ११ वर्षांपासून औजारं धुतो. म्हणजे तुमचा प्रश्न खरं तर माझ्याच कामावर आहे.

न्या. फक्त औजारं कशी साफ होतात ते विचारून घ्या.

दाढ काढायचा चिमटा वापरून झाला की आधी ब्रशनं घासायचा. रक्ताचा कण राहिला तर पुढची मेहनत वाया. मग कोरडा करून पाकिटात बंद, आणि ऑटोक्लेव्हमध्ये. ते यंत्र म्हणजे मोठा कुकरच समजा: १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं. पाकीट वाफेतून गेलं की त्यावरच्या खुणेचा रंग बदलतो. नुसती पातेल्यात उकळलेली औजारं दिसली तर मात्र उठून या. सुन्न करायची सुई आणि हातमोजे दर पेशंटला नवे.

एचआयव्हीचा विषाणू तसा नाजूक, ५६ अंशालाही अर्ध्या तासात निकामी होतो. आमची खरी धास्ती हिपॅटायटिस बी, म्हणजे ती रक्तातून पसरणारी कावीळ. तो विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकतो. पण त्याच्या भीतीनं दारातून परत गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही!

लोक म्हणतात, एचआयव्हीवाल्यांसाठी वेगळी औजारं ठेवा. का म्हणून? ज्याला स्वतःचा आजारच माहीत नाही, तो कोणत्या रांगेत बसणार? प्रत्येक चिमटा एचआयव्हीवाल्याच्याच तोंडातून आला असं धरून मी धुतो. बरं, एचआयव्हीच्या रोज गोळ्या घेणारा माणूस आपला आजार सांगतो तरी, तोही घाबरत घाबरत, की डॉक्टर हाकलतील. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तसं हाकलता येत नाही. आणि त्याचं नाव गावात फोडायचा अधिकार तर कुणालाच नाही. तुमच्या गावात ही बातमी पोचली कशी, मला तर त्याचाच राग आला.

मला स्वतःला एकदा वापरलेली सुई टोचली. चूक माझीच, टोपण लावायला गेलो. पेशंट एचआयव्हीवाला होता. साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धरलं आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. तिथं सांगितलं की अशी सुई टोचली तरी हजारात तिघांनाच लागण होते, पण लागण रोखायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत, जितक्या लवकर तितकं बरं. २८ दिवस घेतल्या. मळमळ झाली, घरी बायकोशी नीट बोललो नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. विचार करा, रक्ताची सुई थेट बोटात जाऊन हा हिशोब. धुऊन, वाफवून, पाकीटबंद ठेवलेल्या चिमट्याचं काय घेऊन बसलात?

आमच्याकडे एक मावशी याच भीतीनं दीड वर्ष आल्या नव्हत्या. भाकर वरणात कुस्करून गिळायच्या, एकाच बाजूनं चावायच्या, पोरीच्या लग्नाच्या फोटोत तोंडावर पदर. आल्या तेव्हा एकाऐवजी तीन दाढा काढाव्या लागल्या.

आईला सकाळी न्या, जेवू घालून. बीपी-शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर चिठ्ठी सोबत ठेवा; बंद करायच्या का हे डॉक्टरच ठरवतील. आणि आत गेल्यावर माझ्यासारखा जो कुणी असेल त्याला म्हणा, "दादा, पाकीट आईसमोर फोडा." आम्हाला राग येत नाही.