नवा टेलिस्कोप घेतलात, आता आयपीस कुठला?

अभिनंदन! पण आयपीसचे, म्हणजे डोळा लावतो त्या बदलता येणाऱ्या भिंगांचे, ते मोठे सेट लगेच घेऊ नका, त्यातले निम्मे डब्यातच पडून राहतात. आधी किती पट मोठं दिसेल त्याचा हिशोब समजून घ्या, टेलिस्कोपची फोकल लेंग्थ (भिंग किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची, म्हणजे 1200 मिमीच्या टेलिस्कोपला 25 मिमीचा लावला की 48 पट. वरची मर्यादा साधारण आरशाच्या नाहीतर भिंगाच्या मिमीतल्या व्यासाच्या दुप्पट, 114 मिमी व्यासाला फार तर 228 पट, तेही हवा स्थिर असेल तरच, एरवी त्याच्या बरंच आधी गुरू नुसता थरथरायला लागतो. खोक्यावर 525 पट छापलेलं असतं ना, ते विसरा.

सध्या एवढं पुरे:

- सोबत आलेला 25 मिमी, काहीही शोधताना आधी हाच
- एक बरा 8-10 मिमी, चष्मा लावून बघणार असाल तर लांब आय रिलीफवाला (म्हणजे डोळा थोडा लांब ठेवूनही पूर्ण दिसतं असा), साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसला डोळा फार जवळ न्यावा लागतो
- मंद लाल टॉर्च

बार्लो (आयपीसची पट वाढवणारं जोडभिंग) नंतर बघू. मून फिल्टर नसला तरी चालतं, चंद्राने डोळे दिपतात फक्त. पण आयपीसला लावायचा सन फिल्टर सोबत आला असेल तर आजच फेकून द्या, तो उष्णतेने तडकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य बघायचाच तर चांगला सोलर फिल्टर टेलिस्कोपच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसवून, आणि फाइंडरवर (नेम धरायच्या बाजूच्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण.