मिनेसोटातले स्वीडिश आणि सोमाली

प्रश्न: भाचा अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसला असतो. म्हणतो, इथले स्वीडिश वंशाचे लोक सुखवस्तू आणि सोमाली गरीब. दोघंही बाहेरूनच आलेले ना, मग एवढा फरक का?

उत्तर: अहो, भाच्याचं निरीक्षण बरोबर आहे, पण दोघांच्या घड्याळात शंभर-सव्वाशे वर्षांचं अंतर आहे ना! स्वीडिश लोक 1850 नंतर आले, स्वीडनमधल्या 1867-69 च्या दुष्काळानंतर तर लोंढाच, आणि 1862 च्या होमस्टेड कायद्याने किरकोळ फी भरून 160 एकर सरकारी जमीन मिळायची, पाच वर्षं कसली की नावावर (ती मूळची डकोटा या तिथल्या आदिवासींची, ते वेगळंच दुखणं). सोमाली आले सोमालियातल्या 1991 च्या यादवीनंतर, निर्वासित म्हणून, आणि मिळालं काय तर मांस कारखान्यात सुरी चालवायचं काम, नाहीतर टॅक्सी, म्हाताऱ्यांची देखभाल. शिवाय वस्ती तरुण, घरात पोरं जास्त, पगारातले डॉलर सोमालियाची राजधानी मोगादिशूतल्या नातेवाइकांना, आणि व्याज धर्मात बसत नाही म्हणून बरेच जण बँकेचं गृहकर्जही टाळतात.

आपल्या भिशीसारखी त्यांची 'अयूतो' असते, दरमहा सगळे पैसे काढतात, एकजण उचलतो, त्यातून दुकानाचा गाळा उभा राहतो.

आणि स्वीडिशही काही पहिल्या दिवसापासून श्रीमंत नव्हते बरं का! मिनिआपोलिसशेजारच्या सेंट पॉल शहरातल्या 'स्वीड हॉलो' घळीत त्यांची झोपडपट्टी होती, नळ नाही, गटार नाही. ते वर चढले तसे तिथे इटालियन, मग मेक्सिकन राहायला आले, शेवटी 1956 मध्ये पालिकेने उरलीसुरली घरं जाळून टाकली. भाच्याला म्हणावं मिनिआपोलिसच्याच सीडर-रिव्हरसाइड भागात चक्कर मार, आज सोमाली राहतात तो भाग एकेकाळी स्कँडिनेव्हियन मजुरांचा होता.