सांधे जास्तच लवचिक असतील तर व्यायाम बंद करावा का?

व्यायाम सोडू नका, ताई. ताणणं सोडा.

योगवर्गात सगळे तुमच्या लवचिकपणाचं कौतुक करतात आणि घरी आल्यावर दोन दिवस गुडघे-खांदे ठणकतात, असं तुम्ही लिहिलंय. मीही यातून गेलेय. शाळेत अंगठा वाकवून मनगटाला टेकवला की मुली गोळा व्हायच्या. फुगडीत मी सगळ्यांच्या पुढे. मग एका मंगळागौरीला फुगडी घालतानाच उजवा खांदा निखळला, आणि भीतीपोटी मी सगळंच बंद केलं, अगदी चालणंसुद्धा. ती मोठी चूक झाली. आपले लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे, मुळातच सैल, त्यामुळे सांधा जागेवर धरायचं बरंचसं काम स्नायूंवर येतं. तेच कमजोर झाल्यावर पोळ्या लाटतानाही मनगट भरून यायला लागलं.

पुढे एका फिजिओथेरपिस्टबाईंनी बेटन स्कोअर काढला. करंगळी 90 अंशांच्या पलीकडे जाते का, कोपर-गुडघे उलटे वाकतात का, असं पाहून 9 पैकी गुण देतात. मोठ्या माणसाला 5 किंवा जास्त म्हणजे सांधे सैल. मला 7 मिळाले. हा सैलपणा बायकांमध्ये जास्त आढळतो आणि कित्येकींना त्याचा काही त्रासही होत नाही.

बाईंनी मला आरशाकडे बाजू करून उभं केलं. गुडघे धनुष्यासारखे मागे गेलेले. त्यांनी गुडघ्यामागे बोट लावलं, "इथे थांबा." मला वाटलं मी वाकून उभी आहे, आरशात पाय सरळ दिसत होता! सांधा नेमका कुठे आहे याचा अंदाजच आपला कच्चा असतो. म्हणून सुरुवात आरशासमोर करा.

आता मी खुर्चीवरून सावकाश उठबस करते, भिंतीला हात लावून जोर काढते, हलकी डंबेल्स उचलते. पाळीच्या आधी सांधे जास्त सैल वाटतात, तेव्हा वजन कमी घेते. योगासनं करते, पण शेवटपर्यंत वाकत नाही. पाठीवर हात ठेवून कुणालाही दाबू देत नाही. तुमच्या शिक्षकांनाही हे स्पष्ट सांगा.

सांधा वारंवार निखळत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा त्वचाही खूप ताणली जात असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. एलर्स-डॅनलॉससारखा, सांधे आणि त्वचा सैल करणारा जन्मजात आजार नाही ना, हे त्यांनी तपासायला हवं.

यंदा मंगळागौरीला मी फुगडीला हात दिला नाही. झिम्मा मात्र पुरता खेळले. दुसऱ्या दिवशी फक्त पोटऱ्या दुखत होत्या, सांधे नाहीत.