बॉनेटला आधी हात लाव

प्रिय पोरी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अकरा महिन्यांत तीनदा टो झालेली ती निळी कूपे, दोनदा बदललेला टर्बो, आणि शेवटी निम्मी किंमतही हाती न देता गेलेली गाडी, सगळं वाचलं. ‘स्पोर्ट्स कार आपल्या नशिबात नाही, काका,’ असं लिहून तू पत्र संपवलंस. आणि मग ता. क. मध्ये विचारलंस, पहिल्या पिढीतली एक पोर्शे बॉक्स्टर स्वस्तात मिळतेय, बघू का?

मी उत्तर त्या ता. क.ला देतोय, कारण तुझं मन तिथे आहे.

आधी माझं सांगतो. टाटांनी २००८ साली जग्वार लँड रोव्हर घेतली, त्याच सुमारास मी पिंपरी सोडून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आलो. पुढच्याच वर्षी जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, दोष कंपनीचा नव्हता. पावसाळी संध्याकाळ होती. मी पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. ‘तुम्हाला थंडीत ताटकळायला नको म्हणून गरम करून ठेवली,’ मालक म्हणाला. मला तो सभ्यपणा वाटला. पाच आठवड्यांनी एम-४० महामार्गावर वाहतूक तुंबली, तापमानाचा काटा चढत गेला आणि रेडिएटरचा पंखा फिरलाच नाही. तुझी काकू तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. पावणेदोन तास आम्ही कठड्यापलीकडच्या ओल्या गवतात उभे होतो. गॅरेजमध्ये ऑइलचं झाकण उघडलं तर आत सायीसारखा पांढरट थर. मेकॅनिक म्हणाला, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं पातळ सील, आज गेलेलं नाही, कधीचंच गेलंय. थंड इंजिन माझ्यासमोर सुरू झालं असतं, तर पांढरा धूर मला दिसला असता.

त्यानंतर सात वर्षं मी अशा गाडीकडे वळून पाहिलं नाही. घराचे हप्ते, मुलीचं लहान वय ही कारणं खरीच होती, पण त्यांच्या आड भीती होती. गेलेल्या पैशांचं मला आता काही वाटत नाही. त्या सात वर्षांचं मात्र वाटतं. तुझी वर्षं तशी जाऊ नयेत म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझ्या निळ्या गाडीच्या जाहिरातीचे फोटो तू तेव्हा मला पाठवले होतेस, ते पुन्हा काढून पाहिले. दहापैकी सहा चाकांचे आणि एक्झॉस्टचे आहेत. सर्व्हिसच्या पावत्यांचा एकही नाही. टर्बो का गेला हे तिथेच लिहिलेलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नाही, की त्याला तेल पोचवणाऱ्या बारीक नळीत काजळी धरते. मग तेल कमी पडतं आणि टर्बो जातो. नवा बसवला आणि नळी जुनीच ठेवली, तर तोही जातो. तुझा दुसरा टर्बो चार महिन्यांत गेला ना? त्या कामाची पावती काढ आणि तेलाची नळी बदलल्याची नोंद तिच्यात शोध. माझी जवळजवळ खात्री आहे की ती नसेल.

म्हणजे आधीच्या मालकाचा आळस तू गाडीसोबत विकत घेतलास. त्यावरून तुझ्या नशिबाचा निकाल लावू नकोस.

आता या देशात आपल्याला मिळालेलं एक मोठं साधन तू वापरलंच नाहीस. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी, करावी लागते हे तुला ठाऊक आहे. पण त्या प्रत्येक तपासणीचा निकाल सरकारी संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकली की फुकट वाचता येतो: तारीख, मैल, पास की नापास, आणि पास करतानाही तपासनिसाने दिलेल्या सूचना. या सूचनाच वाचायच्या असतात. समज, एका वर्षी लिहिलंय, ‘डाव्या सिलला गंजाची सुरुवात’, म्हणजे दाराखालच्या बंद पेटीला. पुढच्या वर्षी ती ओळच नाही. गंज आपोआप बरा होत नाही. वेल्डिंगची पावती असेल तर उत्तम, नसेल तर कुणीतरी त्यावर काळा रंग थापलाय. किंवा समज, टायर झिजल्याची सूचना लागोपाठ तीन वर्षं आहे. ज्याने तीन वर्षं टायर बदलले नाहीत त्याने गिअरबॉक्सचं ऑइल बदललं असेल का? मी या नोंदी डॉक्टर जुनी केस फाइल वाचतो तशा वाचतो, खालून वर, सगळ्यात जुन्या वर्षापासून.

मैल कमी दिसले म्हणून भुलू नकोस. स्पोर्ट्स कार हे बहुतेकांचं दुसरं वाहन असतं, त्यामुळे वीस वर्षांत तीस हजार मैल झालेल्या गाड्या इथे सर्रास दिसतात आणि विकणारा ते अभिमानाने सांगतो. पण चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त सडते. ब्रेकचे कॅलिपर धरून बसतात, रबरी सील वाळतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी असं रबर पावसात पकड देत नाही, आणि इथे पाऊस किती असतो ते तुला मी सांगायला नको. दरवर्षी पाच-सहा हजार मैल नीट चाललेली गाडी मला कधीही जास्त आवडते.

आता तुझी बॉक्स्टर. सुंदर गाडी आहे, स्टिअरिंग हातात घेतल्यावर ते कळतं. पण १९९६ ते २००४ या पिढीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टच्या टोकाला एक बेअरिंग आहे. ते तुटलं तर सगळं इंजिनच जातं. अमेरिकेत यावर मालकांनी सामूहिक दावा लावला होता आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. सगळ्याच गाड्यांचं बेअरिंग तुटत नाही, बहुतेकांचं तुटत नाही. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवतात तेव्हा ते बेअरिंगही बदलता येतं, म्हणून क्लच आणि बेअरिंग एकत्र बदलल्याची पावती असलेली बॉक्स्टर मिळाली तर विचार करायला हरकत नाही. तू पाठवलेल्या जाहिरातीत तसं काही नाही. आणि आणखी एक: गाडीची किंमत खाली आली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. ब्रेक, क्लच, सस्पेन्शनचे आर्म, सगळं पोर्शेच्याच भावाने घ्यावं लागतं. आत्ताच्या तुझ्या पगारात ती गाडी तुला चालवण्याऐवजी काळजी करायला लावेल. तिला पाच वर्षांनी घे.

माझं ऐकशील तर माझ्दाची एमएक्स-५ घे. माझ्याकडे तिसऱ्या पिढीची आहे, २०१६ पासून. ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. साठच्या दशकातल्या छोट्या, उघड्या टपाच्या इंग्लिश रोडस्टरसारखी, पण रोज सकाळी न कुरकुरता सुरू होणारी गाडी करायची, हा तिच्यामागचा विचार. त्या लोकांनी तो इतका नेटाने धरला की एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. वजन साधारण एक टन, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, टर्बो नाही. जपानीत ते ‘जिनबा इत्ताई’ म्हणतात, स्वार आणि घोडा एकजीव. मला ते पुस्तकात वाचून कळलं नाही, ब्रॉडवे गावाजवळच्या फिश हिलच्या वळणांवर कळलं. ताशी चाळीस मैलांवर मला वरंध घाट आठवला.

पण तिचं दुखणंही नीट समजून घे, नाहीतर निळ्या गाडीचीच गत होईल. तिचं दुखणं गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालच्या पत्र्याला खातं. त्याहून वाईट गंज आतून येतो. कापडी टपावरचं पाणी वाहून जायला सीटमागून दोन नळ्या खाली जातात. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत त्या पानांनी तुंबतात, पाणी सिलमध्ये उतरतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. वरून रंग चकचकीत. म्हणून मागच्या चाकापुढे सिलचं शेवटचं टोक बोटाने दाबून बघ, आणि पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांत हे दोनदा कर. दुसऱ्या पिढीच्या गाडीत पुढच्या चॅसिस रेलही जॅकवर चढवून बघाव्या लागतात. तिथली वेल्डिंग महाग पडते. तुझ्या बजेटमध्ये तिसऱ्या पिढीची, २००५ ते २०१५ मधली, चांगली बसते. तिला ठरावीक काळाने बदलावा लागणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, तो एक खर्च वाचला. गाडी आणलीस की पहिल्या उन्हाळ्यात खालून लॅनोलिन मारून घे. मेंढीच्या लोकरीचं ते मेण पत्र्याला इतकं घट्ट धरून बसतं की दोन हिवाळे मला खाली बघावं लागलं नाही.

पैशाचं थोडक्यात. हातात असलेली सगळी रक्कम गाडीत घालू नकोस. चौथा हिस्सा बाजूला ठेव आणि तो पहिल्याच महिन्यात खर्च होणार असं धरून चाल: सगळी तेलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, टायर. इन्शुरन्सचा आकडा गाडी बघायला जाण्याआधी काढ. डीलरकडून घेतलीस तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दोष निघाल्यास ३० दिवसांत गाडी परत करता येते. खाजगी मालकाकडून घेताना तो आधार नसतो, पण माणूस समोर असतो. मला खाजगी मालक पसंत, पावत्यांची जाड फाइल ठेवणारा. त्याला विचार, का विकताय? मग गप्प बस आणि त्याला बोलू दे. ज्याचं गाडीवर प्रेम आहे तो दहा मिनिटं थांबत नाही, आणि बिघडलेल्या गोष्टीही सांगून टाकतो. अपघातात विम्याने बाद केलेली आहे का, कर्ज शिल्लक आहे का, हे थोडे पौंड देऊन तपासता येतं. ते न तपासता एक पेनीही देऊ नकोस.

तू परवा मला पाठवलेली लेमिंग्टनची ती लाल एमएक्स-५ मी काल रात्री नंबर टाकून वाचली. २०११ ची आहे. दरवर्षी साधारण साडेचार हजार मैल, एकदाही खंड नाही. २०१९ मध्ये मागच्या ब्रेक पाइपला गंज अशी सूचना आहे, पुढच्या वर्षी ती नाही. त्याची पावती माग, बाकीचं मला चांगलं वाटलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला जाऊ. मी जॅक आणि टॉर्च घेऊन येतो, तू जुने कपडे घाल. मालकाला शुक्रवारी रात्रीच निरोप दे, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार होण्याआधी बॉनेटला हात लाव. गरम लागला तर आभार मानून निघू, आणि परत येताना फॉस वे रस्त्यावर माझी गाडी तू चालव.

तुझा,
काका

ता. क. निळ्या गाडीच्या पावत्या आण. तेलाच्या नळीचं बघायचं आहे.