वेबपेजचं कोडिंग शिकायला पुस्तक घेताय? सोलापूरकरांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. वेबपेज बनवायच्या तीन भाषा, एचटीएमएल (पानात कुठं काय आहे ते टॅग म्हणजे खुणा लावून सांगणारी), सीएसएस (ते कसं दिसेल ते ठरवणारी) आणि जावास्क्रिप्ट (पान हालतं-बोलतं करणारी), शिकायच्यात, पुस्तक हवंय, पण दुकानात उभं राहिलं की चांगलं कुठलं आणि नुसतं जाड कुठलं ते कळत नाही.

प्रश्न : सर, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जुळे सोलापुरात राहतो. सिनियरकडून वेब डिझाइनची दोन पुस्तकं स्वस्तात मिळाली, एकावर 2016 आहे, दुसऱ्यावर 2021. म्हणजे नवीनच की. मग यूट्यूबवर सगळे काहीतरी वेगळंच का शिकवतात? आणि प्रॅक्टिकलला तर अजून फाँट टॅग विचारतात.

उत्तर : ते साल कुठं लिहिलंय ते आधी बघ. सुरुवातीच्या एका पानामागं बारीक अक्षरात सगळं दिलेलं असतं, कॉपीराइट कुठल्या सालचा, आवृत्ती कितवी, आणि मग त्याखाली रीप्रिंट अमुक साली. आपल्याकडे तीच आवृत्ती वर्षानुवर्षं परत परत छापत राहतात, त्यामुळं 2021 ला छापलेलं पुस्तक 2007 ला लिहिलेलं असू शकतं. छापल्याचं साल सोडून दे, आवृत्तीचं धर.

आता जुनं म्हणजे सगळंच रद्दी असंही नाही बरं का, कारण या तिन्ही भाषा सारख्या वेगानं जुन्या होत नाहीत आणि हे कुणी सांगत नाही. एचटीएमएल हळू बदलतं. हेडिंग, पॅराग्राफ, लिंक, लिस्ट, टेबल हे 1990 च्या दशकात होतं तसंच आज आहे. एचटीएमएल 5 ऑक्टोबर 2014 ला अधिकृत झालं, त्यात मेन, नॅव्ह, आर्टिकल, व्हिडिओ असे टॅग आले, ते तुझ्या पुस्तकाच्या इंडेक्समध्ये आहेत का बघ. सीएसएसमध्ये रंग, फाँट, सिलेक्टर (नियम कशाला लावायचा ते), बॉक्स मॉडेल (चौकटीच्या कडा आणि मोकळी जागा) जुन्या पुस्तकातून शिकलास तरी चालेल, पण पानाची मांडणी मात्र अजिबात नाही. आधी लोक टेबलमध्ये सगळं पान बसवायचे, मग फ्लोट आलं (चौकट एका कडेला सरकवणं), मग फ्लेक्सबॉक्स (चौकटी एका ओळीत बसवणं), आणि मार्च 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हीकडं ग्रिड (आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणी) एकाच महिन्यात आलं. म्हणजे 2017 च्या आधीच्या पुस्तकात ग्रिड वापरून मांडणी कशी करायची ते मिळणारच नाही. जावास्क्रिप्टची रेघ 2015 ची. त्या वर्षी लेट, कॉन्स्ट, ॲरो फंक्शन, प्रॉमिस, क्लास, मॉड्यूल एवढं सगळं एका दमात आलं आणि 2017 ला एसिंक-अवेट. पुस्तकभर नुसतं व्हार (लेट-कॉन्स्टच्या आधीची पद्धत) आणि डॉक्युमेंट डॉट राइट (पानावर मजकूर टाकायची जुनी पद्धत) दिसलं तर ते जावास्क्रिप्टपुरतं बाजूला ठेव. फ्लॅश (वेबवर ॲनिमेशन, खेळ दाखवायचं जुनं साधन) शिकवणारं प्रकरण असेल तर ते पण सोड, फ्लॅशचा सपोर्ट अडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला बंद केलाय.

आणि यातली खरी अडचण अशी की जुना कोड चालतो. ब्राउझरवाले जुनी पानं मोडू देत नाहीत, त्यामुळं अक्षरांचा रंग-आकार ठरवणारा फाँट टॅग, मजकूर मधोमध आणणारा सेंटर टॅग, अगदी ती सरकणारी मार्कीसुद्धा आजही स्क्रीनवर व्यवस्थित दिसते. तू पुस्तकातून उतरवणार, चालवणार, दिसलं की खूश होणार, एररसुद्धा येणार नाही, आणि वर्षभरानं इंटरव्ह्यूमध्ये समोरचा म्हणेल की हे तर 2013 लाच एका फ्लेक्सबॉक्समध्ये झालं असतं. पुस्तक जुनं आहे हे स्क्रीन तुला कधीच सांगणार नाही, म्हणून ते वाचायला घेण्याआधीच तपासायचं.

प्रॅक्टिकलला फाँट टॅग विचारला तर लिही, मार्क सोडू नको. फक्त वहीत शेजारी सीएसएसनं तेच कसं करतात ते पण लिहून ठेव.

प्रश्न : नमस्कार. माझा घरगुती शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा व्यवसाय आहे, पुण्या-मुंबईला पार्सल जातात. ऑर्डर घ्यायचं पान स्वतःच करावं म्हणते, कोडिंग शून्य येतं. नव्या पेठेत एका दुकानात हजारेक पानांचं पुस्तक दाखवलं, यात सगळं आहे ताई म्हणाले. घेऊ का?

उत्तर : ताई, आत्ता नका घेऊ. शिकायचं पुस्तक वेगळं आणि संदर्भाचं वेगळं. शिकायचं पुस्तक तुमचा हात धरून पहिल्या पानापासून नेतं, लहानसं असतं, मधेमधे करून बघायला लावतं. संदर्भाचं पुस्तक तुम्ही अडलात की उघडायचं, आणि त्यासाठी आपण कशात अडलोय त्याचं नाव तरी माहीत असावं लागतं. ते अजून तुम्हाला माहीत नाही, मग हजार पानांत शोधणार कुठं? आधी अडीचशे-तीनशे पानांचं साधं शिकायचं पुस्तक घ्या, एक पान उभं करा, जाड पुस्तकाचं नंतर बघू.

पण छोटं असो की जाड, दुकानात उभ्या उभ्या तपासायची एक रीत तुमची गरजच सांगते. मागं इंडेक्स आहे का ते पहिलं बघा. इंडेक्स नाही किंवा दोन पानांत उरकलाय, तर पुस्तकावर संदर्भग्रंथ असं कितीही मोठ्यानं छापलेलं असू दे, मी त्याला संदर्भ म्हणत नाही. मग तुमचा स्वतःचा प्रश्न त्याला विचारा. तुम्हाला ऑर्डरचा फॉर्म करायचाय, त्यात नाव, मोबाइल, पत्ता, किती पाकिटं. तर इंडेक्समध्ये लेबल (चौकटीचं नाव सांगणारा टॅग) हा शब्द काढा आणि ते पान वाचा. चांगलं पुस्तक सांगेल की लेबलमधला फॉर आणि इनपुटचा (म्हणजे भरायच्या चौकटीचा) आयडी जुळला पाहिजे, म्हणजे मोबाइल नंबर या शब्दावर बोट ठेवलं तरी कर्सर बरोबर त्या चौकटीत जातो, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा स्क्रीन रीडर ही चौकट कशाची ते वाचून दाखवतो. ज्या पुस्तकात नुसतं चौकटीआधी शब्द टाकून दिलेत आणि लेबलचा पत्ताच नाही, ते खाली ठेवा. मग इनपुटचे प्रकार बघा. टेल हा प्रकार दिला की फोनवर आकड्यांचा कीपॅड उघडतो, तुमची बहुतेक गिऱ्हाइकं फोनवरूनच येणार, त्यामुळं हे असायलाच पाहिजे. व्ह्यूपोर्ट (पान फोनच्या रुंदीत बसवायची सूचना) हा शब्द इंडेक्समध्ये नसेल तर ते पुस्तक मोबाइलच्या आधीच्या काळातलं आहे. चित्र टाकायच्या पानावर ऑल्ट लिहिलेलं आहे का तेही बघा, चटणीचा फोटो लोड नाही झाला तर त्या जागी निदान शब्द तरी दिसतात.

अजून एक प्रश्न विचारा पुस्तकाला, फॉर्म भरून सबमिट दाबल्यावर माहिती जाते कुठं? नुसत्या एचटीएमएलनं ती तुमच्याकडं येत नाही, ती घेऊन साठवणारं काहीतरी सर्व्हरवर (इंटरनेटला कायम जोडलेल्या संगणकावर) लागतं. प्रामाणिक लेखक हे फॉर्मच्या प्रकरणातच स्पष्ट सांगतो. गोड गोड लिहिणारा सांगत नाही आणि मग माणूस सुंदर फॉर्म करून ऑर्डरची वाट बघत बसतो. तेवढं जमेपर्यंत पानावर तुमच्या व्हॉट्सॲपची लिंक द्या, ऑर्डरी तिथं येऊ द्या.

प्रश्न : मी दक्षिण सोलापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षक आहे. शाळेचं पान केलं तर मराठी मजकूर चित्रविचित्र चिन्हांत दिसतो. माझ्या इंग्रजी पुस्तकात यावर काही नाही. मराठीतली कोडिंगची पुस्तकं घ्यावीत का?

उत्तर : सर, फार चांगला प्रश्न विचारलात, यावर मला मनापासून बोलायचंय कारण मराठी पान करणाऱ्याचं पुस्तक पारखायला हाच सगळ्यात मोठा निकष आहे.

आधी दुरुस्ती. दोन कारणं असतात. एक, पानाच्या हेडमध्ये अगदी वर मेटा चारसेट यूटीएफ 8 (अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कुठल्या पद्धतीनं साठवलीत ते सांगणारी ओळ) लिहिलेलं नाही, किंवा फाइल सेव्ह करताना वेगळं एन्कोडिंग निवडलंय. दोन, मजकूर जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेले असतात, फाँट काढला की खाली कचरा दिसतो. छापखान्यातून आलेल्या शाळेच्या जुन्या अहवालांत हे हमखास सापडतं. तो मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) कन्व्हर्ट करून घ्या, नाहीतर परत टाइप करा, दुसरा इलाज नाही.

मग पुस्तक घेताना चारसेट आणि युनिकोड हे दोन शब्द काढून बघा. जुन्या पुस्तकांत तिथं आयएसओ 8859-1 हे जुनं एन्कोडिंग दिसेल, त्यात देवनागरी बसतच नाही. लँग या ॲट्रिब्यूटवर (पान कुठल्या भाषेत आहे ते सांगणारी खूण) लेखक काय म्हणतो ते वाचा. आपल्याला तिथं एमआर लिहायचं असतं, त्यानं स्क्रीन रीडर मराठी उच्चार निवडू शकतो, आणि काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाचे येतात. सीएसएसमध्ये लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) बघा. इंग्रजी पुस्तकं हेडिंग देखणं करायला ते सर्रास वापरतात, आपण तसंच उतरवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. लाइन हाइट (ओळीची उंची) पण इंग्रजीपेक्षा थोडी जास्त लागते, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात नाहीतर. जावास्क्रिप्टला सोलापूर या शब्दाची लांबी विचारली तर 7 सांगतं, आपल्याला अक्षरं दिसतात 4, कारण काना, मात्रा, उकार ते वेगवेगळे मोजतं. ज्या पुस्तकात स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) प्रकरणात युनिकोडबद्दल एक पानभर तरी समजावलंय त्याचा लेखक जगात इंग्रजीशिवाय भाषा आहेत हे जाणतो, असं पुस्तक बिनधास्त घ्या.

मराठी पुस्तकं जरूर घ्या, मुलांना आपल्या भाषेत कळतं तेव्हा डोळे चमकतात हे तुम्हाला मी काय सांगू. फक्त त्यातला छापलेला कोड नीट बघा. डीटीपी करताना सरळ अवतरण चिन्हं आपोआप वळणदार होतात, आणि मुलानं तशीच वळणदार चिन्हं टाकली की लिंक उघडत नाही, चित्र दिसत नाही, पोरगं तासभर स्वतःला दोष देत बसतं. कोडची चिन्हं सरळ, कोडचा फाँट वेगळा, ओळी आत सरकवून मांडलेल्या, हे तिन्ही दिसलं तर समजा कुणीतरी कळकळीनं पुस्तक केलंय.

प्रश्न : डब्ल्यूथ्रीस्कूल्स हीच अधिकृत साइट आहे, पुस्तकं लागत नाहीत, असं आमच्या क्लासमध्ये सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. नाव सारखं असलं तरी वेबचे नियम बनवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीशी तिचा संबंध नाही, ती एक खाजगी साइट आहे. पटकन बघायला सोपी आहे, वापरा की. पण संदर्भ म्हणून फायरफॉक्सवाल्या मोझिलाची एमडीएन ही साइट सवयीची करा. फुकट आहे आणि बहुतेक पानांवर खाली कुठल्या ब्राउझरमध्ये कधीपासून चालतं त्याचा तक्ता असतो, तसला तक्ता कागदावर ताजा राहूच शकत नाही. एचटीएमएलचे मूळ नियमही आता आवृत्ती काढून थांबत नाहीत, 2019 पासून ब्राउझर कंपन्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाचं सतत बदलत राहणारं स्टँडर्ड हेच एकमेव धरलं जातं. म्हणून कागदी पुस्तकाकडून हे असं का आहे याचं उत्तर मागा, बारीकसारीक तपशील एमडीएनवर बघा. जावास्क्रिप्टसाठी इंग्रजी वाचता येत असेल तर एलोक्वंट जावास्क्रिप्ट हे अख्खं पुस्तक लेखकानंच वेबवर फुकट ठेवलंय, चौथी आवृत्ती 2024 ची आहे. अवघड आहे, सावकाश वाचा.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. म्हणतो एआय कोड लिहून देतं, पुस्तकावर पैसे कशाला घालवता पप्पा?

उत्तर : एआय वापरू द्या त्याला, अडवू नका. पण ते जुन्या-नव्या सगळ्या प्रकारच्या कोडवर शिकलेलं असतं, त्यामुळं कधी कधी वर सांगितलेलाच जुना कोड देतं, आणि तो चालतो म्हणून याला कळत नाही. त्याला एक काम द्या. एआयनं दिलेल्या पानातला एकेक टॅग आणि सीएसएसची एकेक ओळ एमडीएनवर काढून ती का लिहिलीय ते तुम्हाला तोंडी सांगायचं. धडधड सांगितलं तर पुस्तकाचे पैसे वाचले तुमचे. चारपाच ओळींवर अडखळला तर दोघं मिळून लायब्ररीत जा, तीनचार पुस्तकांत त्याच अडलेल्या ओळींचं स्पष्टीकरण वाचा, आणि ज्यातलं त्याला स्वतःला कळलं ते घ्या, मग ते पातळ असो नाहीतर काळंपांढरं.