आईला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय. आता डोकं दुखतं, एकाचं दोन दिसतं. पाठीतलं पाणी तपासलं, रिपोर्ट स्वच्छ आला. काका म्हणतात, सुईने माणूस लुळा पडतो. पुन्हा सुई टोचू द्यावी का? किती वेळ आहे तिच्याकडे?

द्या. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचं डोकं दुखतंय, एकाचं दोन दिसतंय, म्हणजे एका स्वच्छ रिपोर्टवर गप्प बसायचं नाही. 'सुईने माणूस लुळा पडतो' म्हणणारे तुमचे काका आमच्याकडेही होते, म्हणून लिहितेय.

ताईचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. ऑपरेशन, केमो पार पडलं, अंगभर कॅन्सर शोधणारा पेट स्कॅन स्वच्छ आला, पेढे वाटून झाले. मग पहाटे डोकं ठणकायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. तांदूळ निवडताना ती एका डोळ्यावर तळहात धरायची, नाहीतर खडा दोन जागी दिसायचा. चालताना उजव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. डोकं, डोळा, पाय असं एकदम बिघडायला लागलं की मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणात कॅन्सर पसरल्याचा संशय आधी घ्यायला हवा. तिथल्या पाण्यातून कॅन्सरच्या पेशी वरपासून खालपर्यंत फिरतात. शिरेतून दिलेलं ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध तिथे फारसं पोचत नाही, म्हणून बाकी अंग स्वच्छ असतानाही हे होतं.

पहिल्या वेळी पाण्यात काही सापडलं नाही. दाजींचे थोरले भाऊ म्हणाले, "बघा, काही नाही. आता पाठीला हात लावू द्यायचा नाही." जवळपास निम्म्या रुग्णांत पहिल्या नमुन्यात पेशी दिसतच नाहीत, हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं. दुसऱ्यांदा निदान 10 मिली पाणी घेतलं आणि लगेच लॅबला पोचवलं, तर सापडण्याची शक्यता बरीच वाढते. ताईच्या सापडल्या, पण त्या वादात वेळ गेला तो गेलाच.

सुईमुळे तिचे पाय गेले, असं ते आजही लग्नकार्यात सांगतात. साफ चूक. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली टोचतात. आणि चप्पल तर सुईच्या आधीपासून निसटत होती! दाजींनीही पाहिलं होतं, पण मोठ्या भावासमोर ते बोलले नाहीत.

वेळेचं म्हणाल तर उपचार न केल्यास बहुधा 4 ते 6 आठवडे. उपचाराने काही महिने, हर-टूमध्ये काहींना त्याहून बरेच जास्त. मेथोट्रेक्सेटसारखं केमोचं औषध थेट त्या पाण्यात सोडतात, पाठीतून किंवा डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओमाया रिझर्व्हायर नावाच्या छोट्या कप्प्यातून. ताईची डोकेदुखी थांबली, शेवटचे महिने ती माणसांत बसून बोलली. पाय मात्र परत आले नाहीत. गेलेली ताकद सहसा येत नाही, म्हणून घाई करा म्हणतेय.

एक राहिलं. आधी मेंदूचा आणि पूर्ण मणक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय (शिरेतून औषध देऊन काढलेला) झालेला हवा. मेंदूत मोठी गाठ असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईचा धोका खरा असतो, ते डॉक्टरांना ठरवू द्या. काकांना नको. आणि आईला स्वतःला विचारा. ती हो म्हणाली तर याच आठवड्यात करून घ्या.